क्लिंगॉन वाक्यातून दोन अर्थ निघू नयेत म्हणून काय काय तपासावं?

नुक्ता
धागा फक्त लिहिण्यातल्या संदिग्धतेपुरता आहे. आधी लिपीची सोय सांगतो, म्हणजे खालचे प्रतिसाद वाचता येतील. क्लिंगॉनमध्ये ('स्टार ट्रेक'साठी रचलेली भाषा) आपला ऱ्हस्व 'अ' नाही, 'आ' आहे. म्हणून इथे काना-मात्रा नसलेलं अक्षर म्हणजे नुसतं व्यंजन, पाय मोडायची गरज नाही. ’ ही खूण कंठात श्वास क्षणभर अडवण्याची, आणि तेही एक पुरतं व्यंजनच. क़ जिभेच्या मुळाशी, क़्ख़ तिथलाच पण घासून सोडलेला. ख़ आणि ग़ घर्षक. व आणि व्ह ही दोन वेगळी व्यंजनं. च आणि ज नेहमी 'चार' आणि 'जीभ' यांतले.

आता प्रश्न. हे वाक्य:

क़्ख़ोङडि’ पुक़ लेग़ याष

(क़्ख़ोङ = झोपणे, -डि’ = तेव्हा, पुक़ = मूल, लेग़ = पाहणे, याष = अधिकारी.)

मला म्हणायचंय, 'मूल झोपतं तेव्हा अधिकारी त्याला पाहतो.' पण याचा 'तो झोपतो तेव्हा अधिकारी मुलाला पाहतो' असाही अर्थ लागतो. मधे स्वल्पविराम टाकला की काम भागतं का?

काना_मात्रा
कागदावर भागतं. मोठ्यानं वाचलं की तो स्वल्पविराम गेला, आणि पुढच्यानं उतरवून घेताना चुकीच्या जागी टाकला तर अर्थच बदलला. विरामचिन्ह काढल्यावरही वाक्य उभं राहिलं पाहिजे, असं धरून चालावं.

मूळ कारण शब्दक्रमात आहे. क्लिंगॉनचा क्रम कर्म, क्रियापद, कर्ता. 'पुक़ लेग़ याष' म्हणजे अधिकारी मुलाला पाहतो. 'याष लेग़ पुक़' म्हणजे मूल अधिकाऱ्याला पाहतं. मराठीत 'ने' आणि 'ला' असल्यामुळे शब्द कुठेही हलवा, कर्ता-कर्म कळतात. इथे कर्त्याला आणि कर्माला प्रत्ययच नाही, जागा हीच विभक्ती. त्यात तृतीय पुरुषी कर्ता-कर्म सांगायचीही सक्ती नाही, संदर्भावर सोडता येतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या की दोन क्रियापदांच्या मधे एकटं पडलेलं नाम डावीकडच्याचा कर्ता की उजवीकडच्याचं कर्म, हे ठरवायला काही उरत नाही.

म्हणून पहिली तपासणी: दोन क्रियापदांच्या मधे किती नामं आहेत ते मोजा. एकच असेल आणि ते दोघांनाही चालत असेल, तर वाक्य मोडलंय असं समजा.

उपाय: रिकामी जागा सर्वनामानं भरा.

क़्ख़ोङडि’ पुक़ ग़ाख़ लेग़ याष

ग़ाख़ म्हणजे तो/ती. आता कर्माची जागा भरली, पुक़ डावीकडेच राहिलं.

षष्ठी_तत्पुरुष
सर्वनामाऐवजी नामच पुन्हा लिहिलं तर? क़्ख़ोङडि’ पुक़ पुक़ लेग़ याष. 'त्याला' म्हणजे नेमकं कुणाला, ही शंकाही उरणार नाही.

वाक्यपारखी
तसं करू नका. 'पुक़ पुक़' म्हणजे मुलाचं मूल. क्लिंगॉनमध्ये षष्ठीला प्रत्यय नाही, दोन नामं शेजारी आली की पहिलं मालक. तुमच्या वाक्यातून 'तो झोपतो तेव्हा अधिकारी नातवंडाला पाहतो' असाही अर्थ निघतो.

नाम परत आणायचं असेल तर गौण वाक्य मागे न्या. -डि’वालं वाक्य मुख्य वाक्याच्या आधी किंवा नंतर, दोन्हीकडे चालतं:

पुक़ लेग़ याष क़्ख़ोङडि’ पुक़

इथे याष आणि क़्ख़ोङडि’ शेजारी आहेत, पण झोपणं अकर्मक, त्याला कर्म लागत नाही. म्हणून याष डावीकडेच राहतो. हा उपाय अकर्मक क्रियापदापुरताच. तिथे षोप (खाणे) घातलं तर 'याष षोपडि’ पुक़' म्हणजे मूल अधिकाऱ्याला खातं तेव्हा. त्यावर कुणी म्हणेल, कर्म लिहून टाका, षोज म्हणजे अन्न:

पुक़ लेग़ याष षोज षोपडि’ पुक़

आता 'याष षोज' म्हणजे अधिकाऱ्याचं अन्न. मूल अधिकाऱ्याचं जेवण खातं तेव्हा कुणीतरी मुलाला पाहतं! सकर्मक क्रियापद असेल तर गौण वाक्य आधी आणि मुख्य वाक्यात सर्वनाम, हाच क्रम धरा:

षोज षोपडि’ पुक़ ग़ाख़ लेग़ याष

माजघर
एक शंका. सर्वनाम 'आहे' या अर्थी क्रियापदाचंही काम करतं ना? 'पुक़ ग़ाख़' म्हणजे तो मूल आहे. मग तुमच्या दुरुस्त वाक्यातही तो अर्थ शिरतो.

काना_मात्रा
शिरू पाहतो, पण टिकत नाही. तो अर्थ लावला तर 'तो मूल आहे' आणि 'अधिकारी पाहतो' अशी दोन स्वतंत्र वाक्यं शेजारी येतात, आणि ती जोडायला मधे ’एज (आणि) हवं. ते नाही, म्हणून तो अर्थ बाद. शिवाय अशा वाक्यात कर्ता नाम असेल तर त्याला -’ए’ लागतो. 'कैदी मुलं आहेत' हे पुक़पु’ चाख़ क़ामा’पु’’ए’ असं होतं. शंका रास्त आहे, तपासून बघावीच.

उंबरठा
गौण वाक्यापेक्षा जास्त चुका मला -बोग़च्या वाक्यांत दिसतात, म्हणजे मराठीतल्या 'जो-तो' वाक्यांत.

याष क़िपबोग़ पुक़

क़िप म्हणजे मारणे, फटका देणे. हे 'अधिकाऱ्याला मारणारं मूल' की 'मुलानं मारलेला अधिकारी'? व्याकरणानं दोन्ही बरोबर. मराठीत हा घोळ होत नाही, कारण 'मारणारा' आणि 'मारलेला' ही रूपंच वेगळी. क्लिंगॉनमध्ये -बोग़ क्रियापदाला लागतो आणि आजूबाजूच्या दोन नामांपैकी मुख्य कुठलं ते सांगत नाही.

तोडगा -’ए’. मुख्य नामाला तो लावा:

याष क़िपबोग़ पुक़’ए’ व्हिषोव्ह = अधिकाऱ्याला मारणाऱ्या मुलाला मी ओळखतो.
याष’ए’ क़िपबोग़ पुक़ व्हिषोव्ह = मुलानं मारलेल्या अधिकाऱ्याला मी ओळखतो.

भाषेचे कर्ते मार्क ओक्रांड यांच्या स्वतःच्या वाक्यांतही ही रीत आहे. पैसे परत करणाऱ्या फेरेंगींवर ('स्टार ट्रेक'मधली व्यापारी जमात) विश्वास ठेवू नका, या म्हणीत 'फेरेंगी' शब्दाला -’ए’ लावलाय.

षष्ठी_तत्पुरुष
पण -’ए’ लावला की त्या नामावर जोरही येतो ना? नसताना ठसा उमटतो.

उंबरठा
येतो. म्हणून जिथे गरज नाही तिथे लावू नये. दोन ठिकाणी गरज नसते. क़्ख़ोङबोग़ पुक़ (झोपणारं मूल) यात नाम एकच, गोंधळ कशाचा? आणि कोण मारतंय याला महत्त्व नसेल तर -लु’ वापरा: याष क़िपलु’बोग़, म्हणजे ज्याला मारलं जातं तो अधिकारी. -लु’मध्ये कर्ता अनिश्चित असतो, त्यामुळे मुख्य नाम कर्मच असणार.

-लु’बरोबर उपसर्ग उलटा वाचावा लागतो, ते विसरू नका. व्हिलेग़ म्हणजे मी त्याला पाहतो, पण व्हिलेग़लु’ म्हणजे मला कुणीतरी पाहतं.

-’ए’ची खरी अडचण वेगळी. नामाच्या प्रत्ययांचे पाच गट आहेत आणि एका गटातला एकच प्रत्यय एका नामाला लागतो. -’ए’, -डाक़ (ठिकाणी), -व्हाड (साठी), -मो’ (मुळे), -व्हो’ (पासून) हे सगळे पाचव्या गटातले. म्हणजे 'अधिकाऱ्याला मारणाऱ्या मुलासाठी' म्हणायचं तर -व्हाड आल्यावर -’ए’ला जागाच नाही. तिथे वाक्य तोडा:

याष क़िप पुक़. पुक़व्हेत्ल्हव्हाड षोज व्हिनोब.

'मूल अधिकाऱ्याला मारतं. त्या मुलाला मी अन्न देतो.' -व्हेत्ल्ह (तो/ते) चौथ्या गटातला, म्हणून -व्हाडच्या आधी बसतो. दोन छोटी वाक्यं क्लिंगॉनला शोभतात, त्यात कमीपणा काही नाही.

माजघर
यात अजून एक. चिकटलेला -’ए’ आणि सुटा ’ए’ (म्हणजे 'ते, असं') ऐकायला सारखेच. क़्ख़ोङ पुक़ ’ए’ व्हिलेग़ म्हणजे मूल झोपलेलं मी पाहतो. क़्ख़ोङबोग़ पुक़’ए’ व्हिलेग़ म्हणजे झोपणाऱ्या मुलाला मी पाहतो. फरक -बोग़ सांभाळतो, म्हणून तो घाईत गाळू नका. आणि सुट्या ’ए’च्या पुढच्या क्रियापदाला -पु’, -ता’, -ताख़, -लि’ (क्रिया पूर्ण झाली की चालू आहे ते सांगणारे प्रत्यय) यांपैकी काहीही लावायचं नाही, हा नियम आहे.

नुक्ता
फार उपयोगी. नामांच्या यादीचं काय? 'मुलाची आई आणि अधिकारी' मी असं लिहिलंय: पुक़ षोष याष जे.

वाक्यपारखी
नामं जोडणारा जे (आणि) यादीच्या शेवटी येतो, मधे नाही. त्यामुळे तुमच्या चार शब्दांचे तीन अर्थ: मूल, आई आणि अधिकारी असे तिघे, मुलाची आई आणि अधिकारी, मूल आणि आईचा अधिकारी. क्रम बदलून याष पुक़ षोष जे केलं तरी तिढा तोच, फक्त आता 'अधिकाऱ्याचं मूल आणि आई' हा नवा अर्थ येतो.

क्रियापद दोनदा लिहा:

पुक़ षोष व्हिलेग़ ’एज याष व्हिलेग़

वाक्यं जोडणारा ’एज मधे येतो, त्याची भिंत होते. 'मूल आणि त्याची आई' हवं असेल तर आईला -डाज (त्याची) लावा: पुक़ षोषडाज जे.

क्रियापदानंतरचा जे मात्र या कामाला घेऊ नका. तिथे त्याचा अर्थ 'सुद्धा', आणि 'मीसुद्धा पाहिलं' की 'त्यालाही पाहिलं' हे तो सांगत नाही.

काना_मात्रा
एकवचन-अनेकवचनाचंही बघा. अनेकवचनी प्रत्यय ऐच्छिक आहेत. 'पुक़ लेग़ याष' यात उपसर्ग शून्य, आणि शून्य उपसर्ग तीन जोड्यांना चालतो: एकजण एकाला, एकजण अनेकांना, अनेकजण अनेकांना. चौथी जोडी, अनेकजण एकाला, तिला लु- लागतो. म्हणून पुक़ लुलेग़ याष लिहिलं की याषला -पु’ नसूनही अधिकारी अनेक आणि मूल एक, हे पक्कं. बाकी तीन जोड्यांत संख्या महत्त्वाची असेल तर -पु’ लावाच. बोलू शकणाऱ्यांना -पु’, अवयवांना -डु’, इतरांना -मेय. पुक़मेय लिहिलंत तर 'इकडेतिकडे विखुरलेली मुलं' असा रंग येतो.

काही नामं मुळातच अनेकवचनी, पण व्याकरणात एकवचनी: चा (टॉर्पेडोंचा समूह, एक असेल तर पेङ). 'टॉर्पेडो सोडा' हे चा यिबाख़, एकवचनी यि- उपसर्गानं.

षष्ठी_तत्पुरुष
नकाराची जागा कुणी सांगितली नाही अजून. -बे’ ज्याच्या मागे बसतो त्यालाच नाकारतो:

व्हिषोपव्हिपबे’ = ते खायला मी घाबरत नाही.
व्हिषोपबे’व्हिप = ते न खायला मी घाबरतो.
व्हिषोपलाख़बे’ = मी ते खाऊ शकत नाही.
व्हिषोपबे’लाख़ = मी ते न खाता राहू शकतो.

जोर देणारा -क़ु’सुद्धा असाच फिरता. -ख़ा’ मात्र नेहमी धातूला चिकटून, आणि अर्थ नुसता नकार नाही: याजबे’ म्हणजे समजत नाही, याजख़ा’ म्हणजे भलतंच समजतो. आज्ञेत आणि 'मी करणार नाही' या नकारात -क़्ख़ो’. मराठीतून विचार करणारे 'नाही' शेवटी ठेवतात आणि -बे’ सवयीनं टोकाला जातो. प्रत्येक वेळी थांबून विचारा: नेमकं काय नाकारायचंय?

उंबरठा
नेख़. हा शब्द दोन आहेत. क्रियापद म्हणून 'हवं असणे', आणि मागे येणारा शब्द म्हणून 'फक्त, नुसतं'. जिक़्ख़ोङ व्हिनेख़ (मला झोपायचंय) यात व्हि- उपसर्गामुळे नेख़ क्रियापद आहे हे उघड. तृतीय पुरुषात उपसर्ग शून्य, तिथे:

क़्ख़ोङ पुक़ नेख़

'फक्त मूल झोपतं' किंवा 'मुलानं झोपावं असं त्याला वाटतं'. दुसरा अर्थ हवा असेल तर कर्ता लिहा: क़्ख़ोङ पुक़ नेख़ याष. पहिला हवा असेल तर विरोध मांडा: क़्ख़ोङ पुक़ ’आच क़्ख़ोङबे’ लात्ल्हपु’. मूल झोपतं, पण इतर झोपत नाहीत.

माजघर
-मेख़ (साठी) यावरही एक प्रश्न होता. ग़ोजमेख़ ताज म्हणजे शिकण्यासाठीचा सुरा, मुलांना देतात तो. मग ग़ोजमेख़ ताज नेज लोडख़ोम याचा अर्थ 'मुलगा शिकाऊ सुरा शोधतो' की 'शिकता यावं म्हणून मुलगा सुरा शोधतो'?

षष्ठी_तत्पुरुष
दोन्ही. -मेख़ नामाआधीही बसतो आणि क्रियापदाआधीही, आणि दोन्हीकडे पुढेच. मागे नेता येत नाही. दुसरा अर्थ हवा तर तोडा: ग़ोज नेख़ लोडख़ोम. व्हाज ताज नेज. 'मुलाला शिकायचंय. म्हणून सुरा शोधतो.'

वाक्यपारखी
यात दोन खड्डे आहेत. व्हाज म्हणजे 'म्हणून', आणि व्हाज म्हणजे योद्धेपणही. 'व्हाज ताज' हा योद्ध्याचा सुरा होतो. आणि 'ग़ोज नेख़ लोडख़ोम' म्हणजे 'मुलगा नुसता शिकतो'; उंबरठा यांनी सांगितलेला नेख़ इथेही आहे, फक्त क्रियापदाच्या मागे.

'हवं'ऐवजी प्रत्यय घ्या. -निष म्हणजे गरज असणे:

ग़ोजनिष लोडख़ोम ’एज ताज नेज

'मुलाला शिकणं भाग आहे आणि तो सुरा शोधतो.' 'म्हणून' हा दुवा थोडा सैल झाला, तो वाचक जोडतो. दुसरा अर्थ मात्र निघत नाही.

षष्ठी_तत्पुरुष
मान्य. -निष जास्त चांगला.

काना_मात्रा
तशीच जुळी रूपं प्रत्ययांतही आहेत. -पु’, -वि’, -लि’ हे नामाचेही प्रत्यय आणि क्रियापदाचेही. धातू आणि नाम एकाच रूपाचे असले की पंचाईत. ता’ म्हणजे सम्राट, आणि ता’ म्हणजे पार पाडणे. ता’पु’ पुक़: 'सम्राटांचं मूल' की 'मुलानं ते पार पाडलं'? ता’वि’: 'माझा सम्राट' की 'पार पाडणारा'? इथे सम्राटासाठी व्होडलेख़ हा दुसरा शब्द आहे, तो घ्या, प्रश्नच मिटला. शब्दकोशात प्रत्येक नामाची क्रियापदांच्या बाजूलाही नोंद आहे का, हे पाहायची सवय ठेवा.

उंबरठा
टंकनाच्या चुका. रोमन लेखनात बहुतेक अक्षरांचा आकार ठरलेला आहे. लहान आणि मोठं दोन्ही रूपं वेगवेगळ्या व्यंजनांना वापरलीत ती फक्त क्यू या अक्षराची, लहान म्हणजे क़, मोठं म्हणजे क़्ख़. फोन वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, आणि क़ाग़ (खायच्या जिवंत अळ्या) चं क़्ख़ाग़ (चूक) होतं. ती सोय बंद करा. अवतरणचिन्हं आपोआप वाकडी करणारी सोयही बंद करा, नाहीतर ’एज सारख्या शब्दाच्या सुरुवातीला उलटं चिन्ह पडतं आणि शोधात शब्द सापडत नाही. टंकही असा घ्या की मोठा आय आणि छोटा एल वेगळे दिसतील. पायाला रेघ असलेले टंक बरे. ’ गाळणं हीसुद्धा चूकच: चा म्हणजे टॉर्पेडो, चा’ म्हणजे दोन.

माजघर
बोक़्ख़वि’ या ॲपमध्ये वाक्य टाकून बघितलं तर हे सगळं कळेल का?

वाक्यपारखी
शब्द फोडून प्रत्यय दाखवायला ते उत्तम. ता’पु’ दोन प्रकारे फुटतो, हे तिथे पकडता येतं. पण नाम डावीकडच्या क्रियापदाचं की उजवीकडच्याचं, ते आपणच बघायचं. मी सुचवेन असं: प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा, उपसर्ग वाचा, डावीकडे कर्म आणि उजवीकडे कर्ता शोधा, स्वल्पविराम पुसा आणि पुन्हा शोधा. मग वाक्य अशा माणसाला द्या ज्याला तुमचा मराठी मजकूर माहीत नाही, आणि त्याच्याकडून उलट मराठी करून घ्या. लिहिणाऱ्याला स्वतःचा दुसरा अर्थ सहसा दिसत नाही.

नुक्ता
दुरुस्त करून टाकतोय. पहिलं: क़्ख़ोङडि’ पुक़ ग़ाख़ लेग़ याष. यादीचं: पुक़ षोष व्हिलेग़ ’एज याष व्हिलेग़. आणि एक नवं: षोज नोबबोग़ याष’ए’ लेग़ पुक़. 'अन्न देणाऱ्या अधिकाऱ्याला मूल पाहतं.' इथे याष दोन क्रियापदांच्या मधे एकटा आहे, चालेल?

काना_मात्रा
चालेल. इथे याष दोघांचाही आहे, नोबचा कर्ता आणि लेग़चं कर्म, आणि -’ए’ तेच सांगतोय. तो काढला तर 'अधिकारी जे अन्न देतो ते मूल पाहतं' हा अर्थ परत येईल.